आयटीआय इलेक्ट्रिशियननंतर काय: थेट द्वितीय वर्ष डिप्लोमा, मुक्त विद्यापीठाची पदवी की पीएलसीचा कोर्स?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी विचारतोय. वय २२. दहावी ६२ टक्के, लगेच दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन (एनसीव्हीटी), मग एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस, एनएसी (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र) हातात आहे. बारावी नाही. सध्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडून मेंटेनन्सला, तीन पाळ्या, हातात १६ हजार.

घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात नोकरी सोडून पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जा. आई म्हणते नोकरी धरून ठेव आणि मुक्त विद्यापीठातून बीए कर, ‘ग्रॅज्युएट’ तरी होशील. त्याला स्वतःला एका खाजगी क्लासचा चार महिन्यांचा पीएलसी-स्काडा (यंत्रं आपोआप चालवणारे नियंत्रक आणि त्यांच्यावर संगणकावरून देखरेख) कोर्स करायचा आहे, फी ४५ हजार, ‘१०० टक्के प्लेसमेंट’. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं. ‘ज्याची त्याची आवड’ छापाचे प्रतिसाद नकोत, ही विनंती.

तारतंत्री

गोदाकाठ, आधी कोर्स नका बघू. त्याला पाच वर्षांनी कुठल्या खुर्चीत बसायचंय ते ठरवा आणि त्या पदाची जुनी जाहिरात काढून ‘शैक्षणिक अर्हता’ची ओळ वाचा. तिन्ही कागद तीन वेगळी दारं उघडतात, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

महावितरणचा विद्युत सहाय्यक: वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडच मागतात. बीए असली काय, नसली काय. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट: दहावी अधिक आयटीआय चालतं, म्हणजे तो आजच पात्र आहे. रेल्वेचा ज्युनिअर इंजिनिअर, एसएससीचा (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाचा) जेई, महावितरणचा पदविका अभियंता प्रशिक्षणार्थी: इथे अभियांत्रिकी डिप्लोमा लागतोच. एमपीएससी राज्यसेवा, एसएससी सीजीएल, बँकेची क्लार्क-पीओ परीक्षा: कुठलीही मान्य पदवी, मुक्त विद्यापीठाचीही.

खाजगी कारखान्यात मात्र टेक्निशियन आणि सुपरवायझर यांच्यामधली भिंत बहुतेक ठिकाणी डिप्लोमाच आहे. कामात कितीही हुशार असला तरी एचआरच्या फॉर्मात ‘डीईई’ (इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा) हा रकाना रिकामा राहिला की ग्रेड बदलत नाही. पीएलसीचा कोर्स त्याच ग्रेडमध्ये पगार वाढवायला आणि ठेकेदाराच्या हाताखालून बाहेर पडायला उपयोगी, ग्रेड ओलांडायला नाही.

आणि एनएसीला कमी लेखू नका. रेल्वेच्या लेव्हल १ (पूर्वीच्या ग्रुप डी) भरतीत रेल्वेच्याच आस्थापनांत अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. त्याची रेल्वेत झाली असेल तर ही सोय लागू आहे, घरात कुणाच्या लक्षातही नसेल.

मास्तर_तंत्रनिकेतन

थेट द्वितीय वर्ष डिप्लोमाबद्दल (बोलीभाषेत डीएसडी) सविस्तर लिहितो, कारण यात अर्धवट माहितीवर मुलं वर्ष घालवतात.

पात्रता: दहावी, आणि त्यानंतर दोन वर्षांचा आयटीआय, याच क्रमाने. एक वर्षाचा ट्रेड (उदा. वेल्डर) असेल तर या वाटेने दुसऱ्या वर्षाला येता येत नाही, पहिल्या वर्षापासून सुरुवात. शाखा ट्रेडशी जुळणारी हवी. इलेक्ट्रिशियनला इलेक्ट्रिकल सरळ आहे. दुसऱ्या एखाद्या शाखेचा विचार असेल तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला तक्ता बघावा, क्लासवाल्याचं तोंडी आश्वासन धरू नये.

प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. नोंदणी, कागदपत्रांची छाननी (ई-छाननी किंवा सुविधा केंद्रावर जाऊन), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पर्याय भरणे. सगळ्यात मोठी चूक पर्याय भरताना होते. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा पक्की धरतात, पुढच्या फेरीत बदल नाही. ‘जवळ आहे म्हणून टाकून ठेवू’ म्हणून एखादं खाजगी कॉलेज एक नंबरला टाकलं की शासकीय तंत्रनिकेतन गेलंच. हवं ते वर, परवडेल ते खाली.

आता गणित. डीएसडीचा विद्यार्थी पहिली दोन सत्रं चुकवून येतो आणि त्याच सत्रांत बेसिक आणि अप्लाइड मॅथ्स संपलेलं असतं. तिसऱ्या सत्रात सर्किट्सचा विषय येतो तेव्हा मास्तर धरून चालतात की पोराला संमिश्र संख्या येतात. आयटीआयच्या मुलाला पॉवर फॅक्टर हाताने माहीत असतो. कपॅसिटर बँक चढवली की टाँग टेस्टरवर अँपिअर उतरतात, हे त्याने रोज बघितलेलं असतं. पण कागदावर पुढचं उदाहरण आलं की गाडी अडते:

रोध ३० ओहम, प्रेरक रिअॅक्टन्स ४० ओहम, पुरवठा २३० व्होल्ट. एकूण इंपीडन्स ३० + जे४० म्हणजे ५० ओहम, कोन ५३.१३ अंश. प्रवाह २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर, व्होल्टेजच्या ५३.१३ अंश मागे. पॉवर फॅक्टर ०.६. शक्ती २३० × ४.६ × ०.६ = ६३४.८ वॉट. ताळा: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, २१.१६ × ३० = ६३४.८.

हे गणित त्याला न अडखळता, दोन्ही बाजूंनी (आयताकृतीतून ध्रुवीय आणि उलट) सोडवता आलं तर तिसरं सत्र निघेल. प्रवेशाआधीच्या दोन-तीन महिन्यांत फक्त एवढं करावं: लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची सूत्रं, मॅट्रिक्स व निश्चायक, संमिश्र संख्या, आणि सोपं विकलन-संकलन. पहिल्या वर्षाची एमएसबीटीईची (राज्य तंत्रशिक्षण मंडळाची) पुस्तकं पुरे आहेत. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ‘पोल’ आणि ‘रेक’ ही बटणं वापरायची सवय आधीच लावावी.

दुसरी अडचण इंग्रजी. उत्तरपत्रिका बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. इथे पाठांतर चालत नाही, पण आकृती, नावं आणि चार मुद्दे नीट लिहिले तर पास होतो.

ढोबळमानाने

नोकरी करत करत रेग्युलर डिप्लोमा करतात की पुष्कळ पोरं. रात्रपाळी मागून घ्यायची, दिवसा कॉलेज. उगाच दोन वर्षांचा पगार का सोडायचा?

तारतंत्री

ढोबळमानाने, सुचवताय ते २० वर्षांपूर्वी खपत होतं. आता दोन गोष्टी आड येतात. एक, ७५ टक्के हजेरी, आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या वेळेवर तपासून घ्याव्या लागतात. दोन, पीएफ. त्याचा यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) सुरू असेल तर महिन्यामहिन्याची सेवा तिथे नोंदली जाते. पुढे मोठ्या कंपनीत पार्श्वभूमी तपासणी होते, तेव्हा ‘पूर्णवेळ नियमित डिप्लोमा’ आणि ‘पूर्णवेळ नोकरी’ एकाच काळात दिसतात. मग एक कागद खोटा ठरतो: एकतर अनुभव, नाहीतर डिप्लोमा. ऑफर मागे घ्यायला तेवढं निमित्त पुरतं.

नोकरी ठेवून करायचंच असेल तर उजळ माथ्याने करायची वाट आहे. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२३-२४ पासून कार्यरत व्यावसायिकांसाठी वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली आहे, डिप्लोमा आणि पदवी दोन्हीला. वर्ग संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. अट: किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, आणि कामाचं ठिकाण संस्थेपासून ठराविक अंतराच्या आत. सगळ्या संस्थांत अशा तुकड्या नाहीत. नाशिक परिसरात डिप्लोमाला इलेक्ट्रिकलची तुकडी आहे का, ते त्या वर्षीच्या मंजुरीपत्रात बघावं लागेल. ‘पुढच्या वर्षी येणार आहे’ या उत्तरावर विसंबू नका.

भाचा ठेकेदाराकडे आहे, त्यामुळे अनुभवाचं पत्र ठेकेदाराचं असेल. त्यासोबत पीएफ पासबुक आणि ईएसआयसीची (कामगार विम्याची) नोंद जोडायची तयारी ठेवा. नुसत्या लेटरहेडवर कुणी विश्वास ठेवत नाही. पाळी फिरती असेल तर संध्याकाळच्या तुकडीचाही बोजवारा उडतो. दुसऱ्या पाळीचा आठवडा म्हणजे वर्ग बुडालाच. जनरल शिफ्ट मिळते का, हे प्रवेशाआधी ठरवायचं.

मास्तर_तंत्रनिकेतन

पगाराचा हिशेबही मांडू. १६ हजार × २४ महिने = ३ लाख ८४ हजार. हा खरा खर्च. शासकीय तंत्रनिकेतनाची फी यापुढे किरकोळ आहे. उत्पन्न मर्यादेत असाल तर महाडीबीटीवरून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती किंवा प्रवर्गानुसार सवलत मिळते, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्था स्तरावरच्या जागेवर बसलात तर सवलत विसरा.

हे पावणेचार लाख वसूल कधी होतात? डिप्लोमानंतरचा पगार आत्ताच्यापेक्षा महिना ८ हजारांनी जास्त धरला तर ४८ महिन्यांत. ५ हजारांनीच जास्त असेल तर ७७ महिने. म्हणून २२ व्या वर्षी हा सौदा परवडतो, ३२ व्या वर्षी घरावर हप्ते असताना बहुधा नाही. पुढे इंजिनिअरिंगची पदवी हवी असेल तर डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्ष, आणखी तीन वर्षं, सीईटी नाही. खुल्या प्रवर्गाला डिप्लोमात ४५ टक्के, राखीवला ४० हवेत. त्यामुळे डिप्लोमाचं शेवटचं वर्ष ‘पास झालो म्हणजे झालं’ म्हणून काढू नये, त्याच गुणांवर यादी लागते.

सुलभा_नाशिक

ताईंचं, म्हणजे भाच्याच्या आईचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही, फक्त क्रम चुकतोय. पदवीआधी बारावीचा प्रश्न सोडवा.

दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय असलेल्यांना राज्य मंडळाकडे ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ची सोय आहे. आयटीआयचे विषय जमा धरतात, मुलाने फक्त दोन भाषांची बारावीची परीक्षा द्यायची, त्यातली एक इंग्रजी. फॉर्म कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरतात, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांबरोबर. एनआयओएसमध्येही (राष्ट्रीय मुक्त शाळेत) आयटीआयवाल्यांसाठी अशीच सोय आहे. कॉलेजच्या क्लार्कला हा प्रकार माहीत नसणं नेहमीचंच, तेव्हा मंडळाचं त्या वर्षीचं प्रकटन छापून न्या. त्यात हा शब्दप्रयोग जसाच्या तसा असतो.

हे का करायचं? बारावी न करता मागच्या दाराने पदवी घेतली तर पुढे अडतं. वकिलीचं सगळ्यांना माहीत असतं: बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला एलएलबीला प्रवेश नाही. आणि ज्या जाहिरातीत ‘बारावी उत्तीर्ण’ वेगळं लिहिलेलं असतं, तिथे बीएचं प्रमाणपत्र पुढे करून उपयोग होत नाही. दोन भाषांचे पेपर, एका हंगामाचं काम. डिप्लोमाला जावो न जावो, हे त्याने करून टाकावंच.

मग बीए-बीकॉम. नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे, १९८९ चं, अभ्यासकेंद्रं नेहमीच्या कॉलेजांतच असतात. नियमित आणि मुक्त पदवी नोकरीसाठी समान, हे यूजीसीने २०२२ मध्ये जाहीरच केलंय. पण प्रवेशाआधी तीन गोष्टी बघा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आहे का, तोच अभ्यासक्रम आहे का, आणि तेच सत्र आहे का. विद्यापीठ यादीत असून अभ्यासक्रम नसणं, असं होतं. २०२४ पासून डीईबी-आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) काढल्याशिवाय मुक्त किंवा ऑनलाइन प्रवेश पक्का होत नाही. तो एबीसी (श्रेयांक जमा होणाऱ्या) खात्यावरून काढतात, आणि आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळलं नाही की तिथेच घोडं अडतं.

गल्लीत बोर्ड लावून बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाची दूरशिक्षण पदवी विकणारे असतात. राज्य आणि खाजगी विद्यापीठांना दूरशिक्षणासाठी हद्द ठरवून दिलेली आहे, आणि फ्रँचायझीला मनाई आहे. ‘एका वर्षात तीन वर्षं’ म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरीही चढू नका.

ढोबळमानाने

मग इंजिनिअरिंगच दूरशिक्षणातून का नको? किंवा एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा)? नोकरी करून होतं, हजेरीची भानगड नाही.

मास्तर_तंत्रनिकेतन

दोन्ही दारं बंद आहेत. दूरशिक्षणातून अभियांत्रिकीला मान्यता नाही. अभिमत विद्यापीठांनी अशा वाटलेल्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, पदोन्नती घेऊन बसलेले लोकही अडचणीत आले. एएमआयईला केंद्र सरकारच्या नोकरीसाठीची समकक्षता फक्त ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांना आहे. आता नोंदणी करून ज्ञान मिळेल, जाहिरातीतली ‘समकक्ष’ ही अट पुरी होणार नाही.

स्काडावाला

पीएलसीबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. चार महिने, ४५ हजार हे ऐकून चांगलं-वाईट ठरत नाही. क्लासला जाऊन हे बघा:

एका बॅचमध्ये किती मुलं आणि प्रत्यक्ष पीएलसी किती? संगणकावरचं सिम्युलेशन घरी फुकट होतं. पैसे द्यायचे ते वायरिंगचे. २४ व्होल्ट डीसी पुरवठा, पीएनपी आणि एनपीएन सेन्सर दोन्ही, सिंक-सोर्स बदलून जोडणी, रिले आउटपुट आणि ट्रान्झिस्टर आउटपुट यातला फरक हाताने करायला मिळतो का? व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) पॅरामीटर कोऱ्या ड्राइव्हपासून भरायला देतात, की आधीच भरलेला ड्राइव्ह चालू करून दाखवतात? दर मुलामागे हार्डवेअरवर ४० तासही मिळत नसतील तर फी जास्त आहे.

शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: प्रेशर ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअर का, ० ते २० का नाही? चटकन उत्तर यायला हवं की शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर वाहतो, त्यामुळे ० दिसलं तर तार तुटली किंवा पुरवठा गेला हे लगेच कळतं. पुढे विचारा की मीटर लूपमध्ये कुठे लावायचा. ‘पॅरलल’ म्हणाला तर नमस्कार करून निघा.

‘१०० टक्के प्लेसमेंट’च्या खाली बारीक अक्षरात बहुतेकदा ‘साहाय्य’ असं असतं, म्हणजे तीन इंटरव्ह्यूंचे पत्ते. फी दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता हार्डवेअर सुरू झाल्यावर. प्रमाणपत्राला सरकारी किंमत हवी असेल तर तो कोर्स राष्ट्रीय अर्हता नोंदणीत आहे का ते बघा. नसला तरी खाजगीत चालतो, पण तेवढीच फी मागायचा हक्क त्यांना नाही. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची आहे, तिथले अल्पमुदतीचे ऑटोमेशन कोर्स तुलनेला धरा.

फुकटातलं म्हणजे एनपीटीईएल (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स). व्हिडिओ मोफत, परीक्षेला विषयामागे १००० रुपये. २५ गुण गृहपाठाचे, ७५ केंद्रावरच्या परीक्षेचे. गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेत, नाहीतर प्रमाणपत्र नाही. पण ते आयआयटीच्या पातळीचं शिकवतात. आत्ताच घेतला तर तिसऱ्या आठवड्यात सोडून देईल. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात घ्यावा.

अक्षता_के

थोडं अवांतर. मुलीला बीएस्सीला घालतेय, कॉलेज म्हणतं एक वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. म्हणजे ती दोन वर्षांनी जेईच्या परीक्षांना बसू शकते का?

मास्तर_तंत्रनिकेतन

नाही. तो यूजी डिप्लोमा, बीएस्सीच्या ८० ते ८८ श्रेयांकांचा. जेईला मागतात तो अभियांत्रिकी पदविका, वेगळं जनावर. आणि नुसतं वर्ष पूर्ण करून बाहेर पडता येत नाही, वर चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. सोडल्यावर तीन वर्षांत परत यायचं आणि सात वर्षांत पदवी संपवायची. ती सोय घरच्या अडचणीत उपयोगी आहे, ठरवून घ्यायचं प्रमाणपत्र नव्हे.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. भाच्याशी बोललो. त्याला जेई आणि सुपरवायझर हेच हवंय, राज्यसेवा वगैरे नाही. म्हणजे या हंगामात बारावीच्या दोन भाषा, मे-जूनपर्यंत नोकरी, गणिताची तयारी, मग डीएसडी. पीएलसी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. बरोबर ना? कागदपत्रं काय जमवू?

स्काडावाला

एक दुरुस्ती. एमएसबीटीईच्या नव्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर १२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, त्या उन्हाळ्यात क्लास जमणार नाही. उलट इंटर्नशिपच ऑटोमेशन पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात मिळवा, ४५ हजार वाचतील. अंबड-सातपूरला पॅनेलवाले पुष्कळ आहेत.

तारतंत्री

आणि तारतंत्री परवान्याचा अर्ज आत्ताच विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात करून ठेवा. पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राला अनुभवाची अट शिक्षणाप्रमाणे बदलते, ते डिप्लोमानंतर बघता येईल.

मास्तर_तंत्रनिकेतन

कागदपत्रं: दहावीची गुणपत्रिका, आयटीआयच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि एनटीसी (राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र), आयटीआयचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, लागू असेल तर जात, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र, त्यात अ‍ॅप्रेंटिस आणि नोकरीचा काळ तारखांसकट लिहावा.

एनटीसीवर वडिलांचं नाव किंवा आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं आढळतं. आज रात्रीच दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्ती आयटीआयच्या प्राचार्यांमार्फत पोर्टलवर जाते आणि तिला वेळ लागतो. छाननीच्या आठवड्यात सुरू केली तर होत नाही. जात वैधताही तशीच, पावती चालते पण मुदतीपुरतीच. आणि मूळ दाखला ठेकेदाराने ‘जमा’ करून घेतला असेल तर मेपर्यंत थांबू नका, या पगाराच्या दिवशीच मागून घ्या.